गुडघ्याच्या गादीला चीर : दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी की आधी फिजिओथेरपी?

प्रश्न : पायवाट

नमस्कार. माझे वय ५२ वर्षे असून दिवसातले पाच-सहा तास उभे राहून शिकवणे हे माझे काम आहे. गेल्या पाच महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखते आहे. पडले किंवा पाय मुरगळला असे काही झाल्याचे आठवत नाही. एके दिवशी जिना उतरताना कळ आली, त्यानंतर ती कमी-जास्त होत राहिली, पण पूर्णपणे कधी गेली नाही. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालता येते. जिना उतरताना, बराच वेळ बसून उठताना आणि रात्री कुशीवर झोपल्यावर गुडघ्याला गुडघा टेकला की दुखते.

एमआरआयच्या अहवालात आतल्या बाजूच्या गादीच्या, म्हणजे मेडियल मेनिस्कसच्या, मागच्या भागात चीर असल्याचे आणि कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, सुरुवातीची झीज असल्याचे लिहिले आहे. पहिल्या डॉक्टरांनी अहवाल पाहून सांगितले की दुर्बिणीतून फाटलेला भाग काढून टाकू, शस्त्रक्रिया छोटीच आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा बराच वेळ हाताने तपासला आणि आधी तीन महिने फिजिओथेरपी करा, मग बोलू, असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांवरही माझा विश्वास आहे, म्हणूनच गोंधळ अधिक आहे.

फिजिओथेरपी मी यापूर्वी तीन आठवडे केलेली आहे. आडवे पडायचे, शेक घ्यायचा, मग मशीन लावायचे आणि शेवटी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा वेळा दाबायची, असा तो रोजचा अर्धा तास होता. तिथून निघताना बरे वाटायचे आणि संध्याकाळी पुन्हा तेच. तेच सगळे तीन महिने करण्यात वेळ वाया जाईल असे वाटते. दुसरीकडे 'चीर' हा शब्द डोक्यातून जात नाही. फाटलेली गादी व्यायामाने कशी जुळून येईल? आणि मी थांबले, त्या काळात चीर वाढत जाऊन गुडघा आणखी बिघडला, तर त्याला जबाबदार मीच ठरेन ना? ज्यांनी स्वतः हा निर्णय घेतला आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : स्नायुबंध

पायवाट ताई, मी गेली १८ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तुमचा प्रश्न वाचून सर्वांत आधी वाईट वाटले ते त्या तीन आठवड्यांबद्दल, कारण ज्याला तुम्ही फिजिओथेरपी समजून बसला आहात, तो तिचा फार छोटा आणि दुय्यम भाग आहे. शेकाने आणि मशीनने काही वेळ वेदना कमी होते, हे खरे आहे आणि त्याचा उपयोगही आहे, परंतु त्याने स्नायूला ताकद येत नाही. गुडघ्याचा उपचार जिथून खऱ्या अर्थाने सुरू व्हायला हवा होता, तिथपर्यंत तुम्हाला कोणी नेलेच नाही.

गुडघा दुखू लागला की आपण नकळत त्या पायावरचा भार कमी करतो. सांध्यात थोडी जरी सूज असली, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जातंतूंकडून मिळणारा आदेश मंदावतो, त्यामुळे माणसाने ठरवले तरी तो स्नायू पूर्ण आवळत नाही. काही आठवड्यांत तो बारीक होऊ लागतो. जिना उतरताना शरीराचे वजन हळूहळू खाली सोडण्याचे काम हाच स्नायू करतो. तो कमी पडला की तो धक्का सांध्यावर जातो, सांधा दुखतो, आणि दुखतो म्हणून आपण तो आणखी कमी वापरतो. व्यायामाने चीर जुळत नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. व्यायाम हे चक्र तोडतो, आणि बऱ्याच लोकांची वेदना चिरेपेक्षा या चक्रातूनच येत असते.

एक गोष्ट घरीच करून पाहा. हात छातीवर आडवे ठेवून, पाठ न टेकता, साध्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. उठताना आपले वजन डाव्या पायाकडे सरकते का, उजवा गुडघा आत वळतो का, हे कोणाला तरी समोरून पाहायला सांगा. मग दोन्ही मांड्यांचा घेर, वाटीच्या वर एकाच अंतरावर, टेपने मोजा. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना त्या टेपवरचा फरक पाहिल्याशिवाय आपला पाय बारीक झाला आहे हे पटत नाही.

योग्य फिजिओथेरपी म्हणजे स्नायूवर ठरवून, मोजून आणि वाढवत नेलेला भार. पहिल्या आठवड्यात उंच खुर्चीवरून उठणे-बसणे, मग खुर्चीची उंची कमी करणे, मग हातात वजन घेणे, मग छोट्या पायरीवरून दुखऱ्या पायावर भार ठेवून सावकाश खाली उतरणे, आणि त्याच्या जोडीला नितंबांच्या व पोटरीच्या स्नायूंचे व्यायाम. आठवड्यातून दोन-तीन दिवस इतका भार असावा की शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना खरोखर कष्ट पडतील. टॉवेलची गुंडाळी दहा वेळा दाबणे हा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांतला व्यायाम आहे. रोज सहा तास उभे राहणाऱ्या माणसाला तो पुरेसा होऊच शकत नाही.

तीन महिने का, तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूला अधिक नीट कामाला लावू लागल्यामुळे वाढते, आणि स्नायू प्रत्यक्ष भरून यायला त्यापुढचे आठवडे लागतात. तीन आठवड्यांत सोडलेली फिजिओथेरपी अयशस्वी झाली असे मी म्हणत नाही. ती अजून सुरूच झालेली नव्हती.

प्रतिसाद : मैदान

मी इथे दुसरी बाजू मांडतो, कारण मला शस्त्रक्रियेने बरे केले आहे आणि ते सांगणेही आवश्यक वाटते.

माझे वय तेव्हा २७ होते. फुटबॉल खेळताना पाय जमिनीत रोवलेला असताना अंग वळले, गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला आणि मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सरळच होईना. पलंगावर पाय लांब केला की टाच टेकायची, पण गुडघ्याखाली मूठ जाईल एवढी पोकळी राहायची, आणि कोणी हाताने दाबून सरळ करायला गेले तर आत रबर अडकल्यासारखे लागायचे. दोन आठवडे मी तो आपोआप सुटेल म्हणून थांबलो. एका ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याने ताणून व्यायामही केले, आणि त्याने सूज वाढली.

तपासणीत कळले की गादीचा एक लांब पट्टा बादलीच्या कडीसारखा सुटून सांध्याच्या मध्ये येऊन अडकला होता. अशा वेळी कितीही उत्तम व्यायाम केला तरी दारात अडकलेली वस्तू काढल्याशिवाय दार बंद होत नाही. माझी चीर गादीच्या बाहेरच्या कडेजवळ होती, तिथे रक्तपुरवठा असतो, म्हणून डॉक्टरांना तो भाग कापून न टाकता टाके घालून जोडता आला. यासाठी लवकर गेलो असतो तर बरे झाले असते, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले.

मात्र हेही लिहितो की शस्त्रक्रिया एका दिवसात झाली आणि त्यानंतरची फिजिओथेरपी सात महिने चालली. कुबड्या सुटल्यावर माझी उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक होती. शस्त्रक्रिया केली म्हणजे व्यायामातून सुटका झाली, असे ज्याला वाटत असेल त्याने तो विचार सोडून द्यावा.

प्रतिसाद : अस्थिवेध

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे आणि गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नियमितपणे करतो. वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत आणि त्यांत विरोध नाही, कारण 'मेनिस्कसची चीर' या एकाच नावाखाली दोन वेगळे आजार येतात. मैदान यांची चीर तरुण, निरोगी गादीला इजेमुळे पडलेली होती. पायवाट ताई, तुमच्या वर्णनावरून तुमची चीर वयानुसार झिजलेल्या गादीला हळूहळू पडलेली वाटते, आणि या दुसऱ्या प्रकाराबद्दल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या क्षेत्राला आपले मत बदलावे लागले आहे.

२००२ साली अमेरिकेत झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात काहींचा सांधा दुर्बिणीतून साफ केला गेला आणि काहींना फक्त त्वचेवर छेद देऊन टाके घातले गेले. कोणाला काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. दोन वर्षांनी दोन्हींच्या वेदनेत फरक आढळला नाही. २०१३ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी नेमक्या तुमच्यासारख्या चिरेवर, झीज नसलेल्या १४६ रुग्णांमध्ये, हाच प्रश्न विचारला. सर्वांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहणी केली, त्यांतल्या सुमारे निम्म्यांची फाटलेली गादी कापली, आणि उरलेल्यांच्या बाबतीत कापण्याची केवळ नक्कल केली. वर्षभरानंतर दोन्ही गटांतले लोक जवळजवळ सारखेच सुधारले होते. हे वाचल्यावर मलाही अस्वस्थ वाटले होते, कारण माझ्या हातून बरे झालेले कितीतरी चेहरे मला आठवत होते. ते बरे झाले होते हे खरेच होते. पण माझ्या कात्रीमुळे बरे झाले होते का, हा प्रश्न मी तोपर्यंत स्वतःला विचारला नव्हता.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास तुमच्या निर्णयाच्या अधिक जवळचा आहे. त्यात ४५ वर्षांवरील, चीर आणि झीज दोन्ही असलेल्या ३५१ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी, तर काहींना केवळ फिजिओथेरपी दिली. सहा महिन्यांनी सुधारणा सारखी होती. मात्र केवळ फिजिओथेरपीच्या गटातल्या ३० टक्के लोकांनी त्या सहा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली, हेही मी मुद्दाम सांगतो, कारण व्यायामाने सर्वांचे भागते असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे होईल. आधी व्यायाम करून जे पुढे शस्त्रक्रियेकडे गेले, त्यांचेही शेवटी तितकेच भले झाले. म्हणजे थांबण्याने त्यांची संधी गेली नाही. तुमच्या 'जबाबदार मीच ठरेन' या भीतीला माझ्याकडचे सर्वांत प्रामाणिक उत्तर हे आहे.

'चीर' या शब्दाबद्दल सांगायचे, तर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५० ते ९० वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. ज्यांच्या गादीला चीर होती, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. त्यामुळे तुमची वेदना त्या चिरेतूनच येते, हे केवळ अहवालावरून ठरत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा बराच वेळ हाताने तपासला असे तुम्ही लिहिले आहे. मला ते वाक्य फार महत्त्वाचे वाटले.

आता मी कोणत्या गोष्टींना थांबा म्हणणार नाही, ते सांगतो. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, इजेनंतर लगेच मोठी सूज आली असेल, पाय अचानक खालून सुटत असेल, तर तपासणी लवकर हवी. तुमच्या अहवालात आणखी एक गोष्ट नीट वाचून घ्या, ती म्हणजे चीर गादीच्या मुळाशी आहे का. गादीचे मागचे मूळ हाडापासून सुटले तर गादी असूनही नसल्यासारखी होते आणि कूर्चा लवकर झिजू लागते. अशा वेळी योग्य रुग्णात ते मूळ पुन्हा जोडण्याचा विचार करतात आणि तिथे महिनोन् महिने थांबणे हिताचे नसते. नुसत्या 'मागचा भाग' या शब्दांत हे स्पष्ट होत नाही. दोन्ही डॉक्टरांना हा एक प्रश्न नेमका विचारा.

शेवटी, हे सूत्र प्रत्येक सांध्याला जसेच्या तसे लावू नका. खांद्याच्या टोकाखालचे हाड घासून जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल २०१८ साली दोन चांगले अभ्यास आले आणि नुसती दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा तिचा ठोस फायदा दिसला नाही. पण अपघातात खांद्याचा स्नायुबंध पूर्ण तुटलेल्या, कामावर हात उचलाव्या लागणाऱ्या माणसाला मी व्यायामावर ठेवून देणार नाही. पायात कळ जाणाऱ्या मणक्याच्या गादीच्या दुखण्यात लवकर शस्त्रक्रिया केली तर वेदना लवकर थांबते, हे नेदरलँड्समध्ये २००७ साली २८३ रुग्णांवर दिसून आले. पण वर्षभराने, लवकर शस्त्रक्रिया झालेले आणि आधी वाट पाहिलेले अशा दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालेले होते. तिथे रुग्णाने किती काळ कळ सोसायची, हाच खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्यानेच द्यायचे असते. मात्र त्याच दुखण्यात लघवीवरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

प्रतिसाद : संथ

डॉक्टरांनी लिहिले आहे त्याला एक जोड द्यावीशी वाटते. माझ्या आईचे दोन्ही गुडघे पूर्ण झिजलेले होते, पाय बाहेर वाकले होते, आणि तरीही शस्त्रक्रियेच्या भीतीने आम्ही सर्वांनी मिळून तिला चार वर्षे 'अजून थोडा व्यायाम कर' असे सांगत राहिलो. शेवटी ती खोलीतल्या खोलीत भिंतीला धरून चालू लागली, तेव्हा गुडघेबदलाची शस्त्रक्रिया झाली. वेदना गेली, पण तोपर्यंत मांड्यांत जोर उरला नव्हता आणि घराबाहेर चालायला तिला आठ महिने लागले. पूर्ण झिजलेल्या सांध्याला व्यायामाच्या नावाखाली किती काळ थांबवायचे, याची मर्यादा आधीच ठरवायला हवी होती, ही खंत मला आजही आहे.

प्रतिसाद : अस्थिवेध

संथ, आपला मुद्दा अगदी योग्य आहे. गुडघेबदल आणि गादीचा तुकडा काढणे यांत फार मोठा फरक आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० रुग्णांपैकी निम्म्यांना गुडघेबदल आणि त्यानंतर व्यायामाचा कार्यक्रम, तर निम्म्यांना फक्त तो कार्यक्रम दिला. वर्षभराने गुडघेबदल झालेल्यांची सुधारणा स्पष्टपणे जास्त होती, गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त होती, आणि केवळ कार्यक्रम करणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. सांधा पूर्ण गेला असेल आणि योग्य व्यायामानंतरही झोप मोडत असेल, चालणे कमी होत असेल, तर मी शस्त्रक्रियेला नाही म्हणत नाही. आपल्या आईंच्या बाबतीत शस्त्रक्रियेआधी दोन महिने मांड्यांचे व्यायाम पद्धतशीर झाले असते, तर त्या बहुधा लवकर सावरल्या असत्या. आपण मात्र त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

प्रश्नकर्ती : पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. स्नायुबंध ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजले. खुर्चीवरून ३० सेकंदांत नऊ वेळा उठता आले आणि माझ्या मुलीने समोरून पाहून सांगितले की मी दर वेळी डाव्या बाजूला झुकते. उजव्या मांडीचा घेर दोन सेंटिमीटर कमी भरला. मला हे खरोखर माहीत नव्हते.

दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून मुळाबद्दल विचारले. त्यांनी एमआरआयच्या फिल्म पुन्हा पाहून मूळ शाबूत असल्याचे सांगितले. आता एकच शंका आहे. पायरी उतरण्याचा व्यायाम करताना दुखते. दुखत असताना करत राहणे योग्य आहे का, की दुखणे थांबेपर्यंत वाट पाहायची?

प्रतिसाद : स्नायुबंध

दुखणे पूर्ण थांबण्याची वाट पाहिलीत तर सुरुवातच होणार नाही. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, असे धरून व्यायामाच्या वेळी पाचपर्यंतचे दुखणे आम्ही चालवून घेतो, मात्र दोन अटींवर. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते व्यायामाआधीच्या पातळीवर परत आले पाहिजे, आणि गुडघ्यावर नवी सूज दिसता कामा नये. सकाळी दुखणे वाढलेले असेल तर व्यायाम बंद करू नका. पायरीची उंची निम्मी करा आणि पुढे चालू ठेवा. पुस्तकाइतक्या जाडीच्या पायरीने सुरुवात केली तरी चालते. उतरताना तीनपर्यंत सावकाश मोजा, गुडघा पावलाच्या रेषेत राहू द्या, आणि आधारासाठी भिंतीला दोन बोटे लावा, पूर्ण हात नको.

वर्गात सलग उभे राहण्याऐवजी मधून मधून बसा. बसणे म्हणजे हार पत्करणे, असे समजू नका. सहाव्या आठवड्यात तीच खुर्ची आणि तीच टेप घेऊन पुन्हा मोजा आणि बाराव्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांची भेट आजच ठरवून टाका, म्हणजे संथ यांनी सांगितलेली मर्यादा आपोआप पाळली जाईल.

प्रश्नकर्ती : पायवाट

सहा आठवडे झाले म्हणून लिहिते आहे. नवीन फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा जाते आणि दोन दिवस घरी करते. खुर्चीवरून उठणे नऊवरून तेरावर गेले आहे. रात्री कुशीवर झोपता येते. मांडीच्या घेरात अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक पडला आहे. जिना उतरताना अजूनही दुखते, पूर्वीपेक्षा कमी, पण रोज दुखते, आणि दुसऱ्या आठवड्यात भार घाईने वाढवल्यामुळे चार दिवस सूज आली होती. पहिल्या डॉक्टरांनी दिलेली शस्त्रक्रियेची तारीख मी रद्द केली आहे. बाराव्या आठवड्याची भेट ठरलेली आहे. जिना तोपर्यंत असाच राहिला तर तिथे शस्त्रक्रियेबद्दल पुन्हा विचारणार आहे, आणि या वेळी काय विचारायचे ते मला ठाऊक आहे.